थोरली, धाकटी

पेटी माळ्यावरून काढली तेव्हा
आधी आला डांबरगोळ्यांचा वास,
मग दोन मुखवटे, जुन्या धोतराच्या फडक्यात
गालाला गाल लावून वर्षभर झोपलेले.
थोरलीच्या नथीचा मोती ढिला झालाय.
धाकटीला काहीच झालेलं नाही.
धाकटीला कधी काही होत नाही.

सहा दिवस राहिले.
कॅलेंडर दोनदा पाहिलं,
दुधाच्या हिशेबावरून बोट फिरवत.

आमच्या घरी ठरलेलं होतं, जाऊबाई
ज्येष्ठेला नेसवायच्या, मी कनिष्ठेला.
बावीस वर्षं. कोठीवर लुगडं चढवताना
त्या तोंडात टाचण्या धरून बोलायच्या,
मला अर्धंच कळायचं, हसू मात्र पुरतं यायचं.

आता त्यांना मी नेसवते.
माघातली पहाट होती, हंडा उचलायला वाकल्या
नि उजवी बाजू जमिनीवरच राहिली.
दर दोन तासांनी कूस. मोबाइल वाजतो
साडेबाराला, अडीचला, साडेचारला.
पावडर, नळी, पिशवी, मऊ खिचडी,
पाठीवरची रुपयाएवढी जखम
जी मी कुणाला सांगत नाही, कारण
लोक म्हणतात, लक्ष्मी आहेस वं बाई तू घराची.

लक्ष्मीची कंबर दुखते का?
कुणी विचारलं नाही. मीही नाही.

काल कोठ्या घासत बसले होते पडवीत,
तीन दिवसांनी सोयाबीनवर ऊन आलं होतं,
आणि हात थांबला.
हिला आपण एकटी कधी बसवतच नाही.
एक मखर, दोन पाट.
देवी असून ती बहिणीला घेऊन येते.
तेही तीनच दिवस. एक येण्याचा,
एक जेवण्याचा, एक जाण्याचा.
मी आले ती आलेच.

आणि नैवेद्य दाखवून झाल्यावर?
पडदा ओढतो आपण. लेकरांना दटावतो,
"थ्या जेवून रायल्या, अंदर नोका जाऊ."
पुरणाचा वास तेवढा बाहेर येतो,
आख्खं घर पाय न वाजवता अंगणात उभं.
इतकी वाट कुणी कुणाच्या घासाची पाहिली आहे?
मी दोन वर्षं उभ्यानं जेवते,
ओट्याशी, एका हातात त्यांच्या गोळ्यांची वाटी.

वैजूला फोन लावला, पुसदला. त्यांची लेक.
तिकडे पोरगी रडत होती, मिक्सर चालू होता.
म्हटलं, "यंदा लवकर ये."
"काकू, महालक्ष्म्यांचं करायला?"
जिभेवर हो आलंच होतं.
"नाही," म्हटलं, "मले झोपायचं आहे."

मिक्सर बंद झाला.

"उद्या सकाळच्या गाडीनं निघते."

बाकीचं देवीशीच बोलून घेतलं.
सोळा भाज्या एकाच कढईत शिजतील.
फुलोऱ्याला करंज्या पाच, सहावी नाही.
रागावलीस तर आंबील दोनदा वाढीन,
ज्वारीची, ताकाची, घट्ट.
ती काही बोलली नाही.
तिची नथ मी दोऱ्यानं बांधली.

आज दुपारी जाऊबाईंना भरवलं, तोंड पुसलं,
माझं ताट घेऊन निघाले ओट्याकडे
तर डाव्या हातानं पदर धरला.
दोन वर्षांत परत आलेले शब्द चार,
पाणी, वैजू, दुखते, नको.
पाचवा शोधायला वेळ लागला. भात निवत होता.
ओठाचा एक कोपरा हलला, मग जीभ,
मग नजर दाराकडे.

"पडदा."

ओढला.
खाटेच्या पायथ्याशी मांडी घातली.
बाहेरून गुंफाबाई हाका मारत होती, चाळणी मागायला.
मी उठायला लागले, तर थोरलीनं
तोच हात वर केला, पडद्याच्या दिशेनं,
थांब, असा.

वरण, भात, लिंबाची फोड.
मी लिंबू सावकाश पिळलं.