मंगळवारचा वर्ग, केमी

ग्रंथालयाच्या तळघरात, दुपारी तीनला,
म्हणजे इथं अंधार पडून झाल्यावर,
सहाजण येतात. बूट दाराशी काढतात,
लोकरी मोज्यांनी पाऊल न वाजवता बसतात.
मी त्यांना रोजनिशी लिहायला शिकवते.

हातानं लिहा, म्हणते, टाइप करू नका.
रोज तीन ओळी. चौथी सुचली तर उद्यासाठी ठेवा.
काल उलटा सांगा, रात्रीच्या दिव्यापासून
सकाळच्या कॉफीपर्यंत मागं मागं चालत.
न पाठवायचं एक पत्र.
आणि डाव्या हातानं स्वतःचं नाव,
वाकडं आलं तरी चालेल,
मेंदूलाही जरा घाम फुटू दे.
माझी स्वतःची वही?
तिचं नंतर सांगते.

ताइस्तो हौताला, वय बहात्तर.
एकतीस वर्षं बर्फफोड्या जहाजाच्या इंजिनखोलीत.
मागच्या एप्रिलात डोक्यात एक गुठळी, मसुराएवढी,
तेव्हापासून नामं निसटतात,
क्रियापदं शाबूत.
चमच्याला म्हणतो, "ते, ढवळायचं."
मुलीला म्हणतो, "ती, फोन करणारी."

पहिल्या आठवड्यात त्यानं लिहून आणलं:
वारा वायव्य. उणे अठरा.
बर्फ बावन्न सेंटिमीटर.
हालचाल नाही.

छान आहे, म्हटलं, पण ताइस्तो,
यात तुम्ही कुठं आहात?
तो वहीकडे बघत राहिला, मग
शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

कुणीतरी खोकलं. आउनेनं पर्समधून
खारट काळ्या गोळ्यांची डबी काढून त्याच्यापुढे सरकवली.
ही आउने, जिनं न पाठवायचं पत्र
तिकीट लावून पेटीत टाकलं होतं,
दफनभूमीचा पत्ता, रांग सात.

जानेवारीत मी त्याला विचारलं,
बर्फ फोडल्यावर वाट टिकते किती वेळ?
"अशा थंडीत? जेवून येईपर्यंत मिटते."
मग पुन्हा सगळं सारखंच?
"छे. गुळगुळीत नाही गोठत ती.
ढेकळं ढेकळं होते. अंधारातसुद्धा,
तळाशी बसून, नुसत्या आवाजानं कळतं
आपण वाटेवर आहोत."
पाऊण तास मी फळ्यावर मेंदू काढून
जे समजावत होते, ते हेच असावं.
फळा पुसून टाकला.

फेब्रुवारी, दुसरा मंगळवार:
वारा दक्षिण. उणे सहा.
ते ढवळायचं सापडलं. चमचा. चमचा.
फोन करणारी येऊन गेली. तिचं नाव आलं,
पण लिहीत नाही.
उद्या आठवून बघायचंय.

त्याच्या पुढच्या खेपेला दारातच,
एक बूट पायात, एक हातात,
तो जवळजवळ ओरडलाच: "वुओक्को!"
सगळे वळले. नव्या आलेल्या बाईंना वाटलं
त्यांनाच हाक मारली,
त्या म्हणाल्या, "नाही हो, मी मार्केत्ता."

तर माझी वही.
तीन वर्षांपूर्वी घेतलेली, निळ्या कापडी बांधणीची.
पहिल्या पानावर तारीख, खाली "आज",
आणि पुढं काही नाही.
दुसऱ्यांना समास आखून देणारी मी,
आजवर सांगत आले, वेळ मिळत नाही.
खरं असं की त्या दिवशीचं
सगळं मला लख्ख आठवतं,
दाराची कडी, पोरीचा एक हातमोजा,
किटली बंद करायची राहिलेली.
माझे विद्यार्थी लिहितात, कारण विसरतात.
मी विसरत नाही, म्हणून लिहिलं नाही.

आज रात्री, भांडी तशीच ठेवून,
"आज"च्या पुढं एक टिंब दिलं आणि लिहिलं:
वारा ठाऊक नाही, खिडकी बंद आहे.
उणे अकरा. बर्फ मोजला नाही.
हालचाल
इथं पेन अडलं. झटकलं. टेबलावर शाईचे तीन ठिपके.
हालचाल थोडी.

मग डाव्या हातानं नाव लिहून पाहिलं.
फारच वाकडं आलं.
चालेल.