शेरा

आमच्या रजिस्टरात शेवटचा रकाना असतो, शेऱ्याचा.
दीड बोट रुंद.
त्यात 'गैरहजर' मावतं. 'स्थलांतरित' लिहिताना अक्षरं चेपावी लागतात.
तायव्वा धोत्रेच्या नावापुढे मी चार वेळा गैरहजर लिहिलं.
आठवा महिना, पायांवर सूज,
बोट दाबलं की खळगा पडायचा
आणि आपण बोलत राहिलो तरी तो भरायचा नाही.

पाचव्या खेपेला मीच चढले खाणीच्या वाटेनं.
डोक्यावरची पाटी उतरवत ती म्हणाली,
"आलते की बाई. चारी बारीला.
तुमच्या दाराला कुलूप."

दार साडेचारला लागतं.
तुर्भ्याच्या या टोकाला साडेचारला कोण मोकळं असतं?
खाण थांबते सहाला,
वाशीच्या बिल्डिंगांत भांडी घासून बाया चढ चढतात साडेसातला,
पॅकिंगच्या मुलींचं तर विचारूच नका.
मोकळ्या असतो आम्ही,
बारा ते एक, औषधांच्या बाटल्यांवरची खाणीची धूळ पुसत.

मग वॉचमन तुळशीरामला म्हटलं,
कुलूप लागल्यावर जी कुणी येऊन परत जाईल
तिचा एक चिंचोका या बरणीत टाका.
"सिस्टर, सारीपाट मांडायचाय का?"
हसला, पण टाकत राहिला.
दिवाळीपासून होळीपर्यंत बरणी गळ्याशी आली.
रविवारी फिलोमिना डाबरेच्या गॅलरीत आम्ही दोघींनी मोजले:
सहाशे बारा.
पुन्हा मोजले, तर सहाशे तेरा.
सहाशे बाराच धरले. उगाच कुणी बोट ठेवायला नको.

बेलापूरला मुख्यालयात आमचा विषय क्रमांक एकोणीस.
अठरावा, चौकातल्या फ्लेमिंगोंना नवा गुलाबी रंग देण्याबाबत.
तो मंजूर झाला, चहा आला,
आणि साहेब म्हणाले,
"सिस्टर, तुम्ही सुई टोचा. धोरणाचं आम्ही बघतो."
कुणीतरी हसलं.
माझ्या हातातला कागद थरथरत होता.
तान्ह्या बाळाची शीर अंधारातही सापडते या हाताला,
आणि इथे आपलीच ओळ सापडेना.
मी बरणी टेबलावर ठेवली.
एकानं प्रसाद समजून हात पुढे केला.

"साहेब, सुई टोचायला दंड लागतो.
दंड घरी येतो साडेसातला.
कुलूप कधी लागतं,
माझ्या लेखी धोरण एवढंच."

तायव्वाचं काय झालं ते मी सांगितलं नाही.
फिलोमिनानं खालून पाय दाबला, सांग म्हणून.
नाही सांगितलं.
ते तिचं आहे,
इतिवृत्तात टंकून घ्यायला नाही.

चाळीस दिवसांनी आदेश आला.
प्रायोगिक तत्त्वावर, मंगळवार व शुक्रवार,
रात्री साडेआठपर्यंत, अतिरिक्त मनुष्यबळाशिवाय.
फिलोमिनानं शेवटचे दोन शब्द लाल पेनानं अधोरेखित केले.
"म्हणजे आपणच ना?"
"आपणच."

पहिला मंगळवार. सात वाजले.
दार सताड उघडं आणि पायरीवर काळोख,
बाहेरच्या दिव्याची तरतूद आदेशात नव्हती.
बाया चढावरून बघायच्या आणि वळायच्या,
चार महिन्यांची सवय.
शेवटी तुळशीराम मोबाइलचा उजेड धरून पायरीवर उभा राहिला,
गाडीवर रताळी विकावीत तसा ओरडत,
"चालू आहे! चालू आहे!"

आठवी आली तायव्वा.
स्वतःसाठी नाही.
धाकट्या जावेला मनगटाला धरून आणलं होतं,
सहावा महिना.
"हिचं बघा आधी," म्हणाली आणि बाकावर बसली,
मोकळे हात मांडीवर ठेवून.

त्या रात्री शेरा रकान्यात मावेना.
समासात उतरला, मग पानाच्या पाठीवर.
रजिस्टर मिटलं, कोरा कागद घेतला:

मा. आयुक्त यांस,
विषय, दारावरच्या दिव्याबाबत.
महोदय,
आम्ही उघडे आहोत, पण दिसत नाही.