ईशान्येचा कोपरा

घर मी विकत घेतलं, वारशात मिळालं नाही.
सीपीआरमधल्या रात्रपाळ्यांची एकतीस वर्षं
आणि वर थोडं सोसायटीचं कर्ज.
उत्तरेश्वर पेठ, बोळाच्या तोंडाशी,
दोन खोल्या नि माळा, भाजक्या विटांचा.
महापुराची रेघ कुणीतरी निळ्या ऑइलपेंटनं मारून ठेवलेली.
ती माझ्या खांद्याला लागते.

पाडा आणि स्लॅब टाका, म्हणाले सगळे.
दस्तगीर मुजावर तेवढा काही बोलला नाही.
ओळंबा सोडला, एक डोळा मिटला,
नखानं दरज खरवडून जिभेवर ठेवली.
"चुना हाय. गूळ घातल्याला.
भिंत गुणाची हाय, बाई. खाली काय हाय ते बगू."

पाया एकदम उघडायचा नसतो.
तीन फूट खणायचं, तीन फूट सोडायचं,
भरलेलं वाळलं की मग सोडलेलं.
ही रीत मला ठाऊक होती.
वजनदार माणसाच्या अंगाखालची चादर
आम्ही अशीच बदलायचो,
आधी एक कूस, मग दुसरी,
आणि त्याला सांगत राहायचं, झालंच हं, झालंच.

उद्यमनगरातून ट्रकचे दोन जॅक आले, बाभळीचे टेकू आले.
तुळईखाली जॅक चढताना घरानं एक आवाज केला,
हाड बसवताना येतो तसला.
समोरच्या सलूनमधला रेडिओ बंद झाला.

बोळातली माणसं रोज डोकावून जायची.
हंडा निघाला का, बाई?
निघाली काळी माती, बांगड्यांच्या काचा,
कुलूप नसलेली एक पितळी चावी.
लोणा लागलेल्या विटा हातात घेतल्या
की चहात विसरलेल्या खारीसारख्या गळून पडायच्या.

नवव्या दिवशी ईशान्येचा कोपरा उघडला.
देवाचा कोपरा. देव्हारा इथंच करा,
असं मला चौघांनी सांगितलेलं.
दस्तगीर खड्ड्यात उतरला आणि बराच वेळ वर आला नाही.
मी बॅटरी मारली.

दगड नव्हता.
बाकी तिन्ही कोपऱ्यांना काळा दगड, कमरेइतका खोल.
इथं जोत्याखाली विटांचा एक थर
आणि त्याखाली राख,
गुऱ्हाळाच्या चुलवाणातली, चोपून चोपून बसवलेली.
मोजले तरी चार महापूर
हे घर न घातलेल्या पायावर उभं होतं.

त्यानं एक वीट उलटी केली.
तळाच्या चुन्यात तीन बोटांच्या तिरक्या रेघा.
"माझ्या आज्ज्याची खूण," तो म्हणाला.
"काम झालं की बोटं फिरवायचा.
आमच्या घरच्या चुलीवर बी हाय."
पाटी घेऊन उभा असलेला बिराप्पा
पाटी खाली ठेवायची विसरला.

मी काही विचारलं नाही.
दगडाची गाडी नदीपलीकडं अडकली असेल.
मालकानं पैसे थकवले असतील.
घरात कुणी तापानं फणफणत असेल,
आणि उद्या घालू, उद्या घालू म्हणताना
वरची भिंत चढली असेल.
किंवा यातलं काहीच नसेल.
केसपेपरवर मीही लिहिलाय
न घेतलेला ताप,
पहाटे चारला, नव्याण्णव.

त्या कोपऱ्याची मजुरी त्यानं घेतली नाही.
दोनदा पाकीट पुढं केलं, दोनदा त्यानं ओळंबा उचलला.
दगड स्वतः निवडले, हातोडी मारून आवाज ऐकत.
सिमेंट चालेल म्हटलं, तर ऐकलं नाही.
चुना भिजत घातला, गुळाची ढेप फोडली,
एक खडा बिराप्पानं तोंडात टाकला.

शेवटचा सांधा भरून झाल्यावर
त्यानं तीन बोटं भिंतीपाशी नेली.
थोडा वेळ तशीच धरली.
मग बादलीत बुडवली आणि लुंगीला पुसली.

जॅक काढले. कोपरा सूतभर खाली बसला,
आणि थांबला.
रंगारी विचारत होता, निळी रेघ खोडू का.
राहू दे म्हटलं.

देव्हारा अजून केलेला नाही.
त्या कोपऱ्यात सध्या
मी माझी खाट टाकली आहे.