दोन, दान

लघुलिपीत स्वर लिहीत नाहीत.
बोलणारा धावत असतो, पेन्सिल चालत असते,
म्हणून व्यंजनांचे सांगाडे तेवढे उचलायचे
आणि संध्याकाळी खोलीत बसून
त्यांना मांस चढवायचे.
त हलका, द जड. क हलका, ग जड.
बाकी आठवणीवर.

मंगळवारी प्रश्नोत्तराचा तास संपल्यावर
मिनिनो कुलासो उभे राहिले. हातात कागद नव्हता,
त्यामुळेच सगळे गप्प झाले.
म्हणाले, शेळप्याच्या डोंगराचा काजूचा उतार,
सर्व्हे एकशे बारा, पोटहिस्सा चार,
परवापर्यंत हिरवा होता नकाशावर.
एका रात्रीत पिवळा कसा पडला?
कावीळ झाली?
म्हणाले, सन्माननीय सदस्यांनी घेतले दोन.
कोटी हा शब्द त्यांनी उच्चारलाच नाही.
पर्वरीत तो धरूनच चालतात.

उपेंद्र मळीक उठले.
पाणी मागितले नाही, कपाळ पुसले नाही.
म्हणाले, दान होते ते. शाळेच्या छपरासाठी.

माझ्या वहीत
एक जड उभी रेघ, तिच्या पायाशी उथळ बाक.
मग पुन्हा तेच.
एका ताग्याचे सदरे घातलेली
जुळी मुले.

नंतर जे झाले त्याला चिन्ह नाही.
शेजारच्या आमदारांनी आपला फोल्डर
वीतभर पलीकडे सरकवला.
मागे कोणी खोकले, पक्षातलेच.
प्रतोद वर पंख्याकडे बघत राहिले.
सभागृहात पंखा नाही.
सभापती म्हणाले, कामकाजातून वगळावे.
काय वगळावे, दोन की दान,
मी विचारले नाही.
आम्ही विचारत नसतो.

एकोणीस वर्षांपूर्वी मी हंगामी होते.
दर सहा महिन्यांनी एका दिवसाचा खंड,
दर खंडाला आईचा एक नवस.
ते पहिल्यांदाच निवडून आलेले तेव्हा.
चिठ्ठी दिली, निळ्या शाईची, तीन ओळींची,
आणि मी कायम झाले.
आम्ही मयड्याच्या केळ्यांची फणी घेऊन गेलो
डिचोलीला, बसने, मांडीवर सांभाळत.
त्यांनी त्यातली मोडून घेतली,
उरलेली आईच्या हातात परत दिली.
दोन पुरे, म्हणाले.

शुक्रवारी पणजीत पक्षाध्यक्ष बोलले,
ही त्यांची वैयक्तिक बाब.
चवथीच्या शुभेच्छांच्या फलकावरून
रविवारी पहाटे चेहरा कापला गेला,
गणपतीच्या उजव्या हाताला
माणसाएवढे आभाळ राहिले.
मग निलंबन. मंडळ समितीतले अकराजण,
सकाळी नऊ त्यांच्या बाजूचे,
रात्री जेवणापर्यंत तिघे.
कार्यालयाच्या दाराला दोन कुलुपे पडली,
एकेका गटाचे एक,
आणि आत चहाचे कप न धुतलेले.

पावसाळी अधिवेशनात आसने बदलली.
ते आले, पांढऱ्या सदऱ्यात, समोरच्या बाकांकडे,
आणखी चौघांना मागे घेऊन.
कुलासोंनी आपला फोल्डर
वीतभर सरकवला,
जागा करायला.
दोघे कसल्यातरी गोष्टीवर हसले.
मी ते टिपून घेतले नाही, हसण्याला व्यंजने कमी.
मग मळीक उठले आणि विचारले,
प्रतोदांच्या मेहुण्याचा तो डोंगर
कधीपासून पिवळा आहे?
माझी पेन्सिल चालू लागली.

प्रशिक्षणाला आलेली प्रज्वला
काल माझ्या जुन्या वह्या घेऊन बसली होती.
मंगळवारच्या पानावर बोट ठेवून म्हणाली,
बाई, इथे दीन आहे का?
म्हटले, मागचापुढचा संदर्भ बघ.
तिने टंकलिखित प्रत उलटसुलट करून पाहिली.
म्हणाली, संदर्भ वगळलाय, बाई.