समोरची बाजू

लोर्नाला फोनमधला नकाशा पटत नाही.
ती कागदाचाच पसरते टेबलावर,
उडणाऱ्या कोपऱ्यावर मिठाची बाटली.
सलायना ते लॅरमी, आठ-साडेआठ तास.
शुक्रवारी दुकान तीनला बंद,
पेट्रोल गुडलंडला, मुक्काम लायमनच्या मोटेलात
(तिथली गादी माझी पाठ अजून विसरलेली नाही).
थर्मास दोन, ब्लँकेटं चार.
तिकडे नोव्हेंबरात हाडं वाजतात.

अडलं ते तिकिटांवर.
पाहुण्यांची जागा आपल्या बाकामागे:
स्वस्त, सगळे ओळखीचे, ओरडायला सोबत.
पण तिथून कोल्बीची पाठच दिसते
आणि चौऱ्याहत्तर आकडा,
तीन मोसमांत एकदाही न मळलेला.
हेल्मेट काखेत धरून तो उभाच असतो.

"मग समोर बसू," लोर्ना म्हणाली,
"त्यांच्या माणसांत. तोंड तरी दिसेल."
दुर्बीण तिने आधीच पुसून ठेवली होती.

म्हणजे जांभळं काही घालायचं नाही.
राखाडी स्वेटर.
आपला टचडाउन झालाच
तर हात मांडीखाली दाबून बसायचं.

आणि त्याला कळवायचं का?
मी म्हटलं, नको.
ती गप्प.
बघू, गुडलंडपर्यंत ठरवू.