अर्थ

उद्यमनगरात शेजारचा लेथ थांबला
की कळतं, चहाची वेळ झाली.
बाबालाल मिस्त्री खुर्चीत, मी गाडीखाली.
गेल्या बेंदरापासून असंच चाललंय,
तोंड त्यांचं, हात माझे.
त्यांचा डावा हात मांडीवर असतो,
कुणी ठेवून विसरलेल्या पान्यासारखा.

आज गुळाचा टेम्पो आलाय मार्केट यार्डातनं.
ड्रायव्हर सर्जेराव, केर्लीचा.
'डावा लई घाई करतोय,' म्हणाला.
दांडी उजवीकडं केली तर
टिक... टिक... टिक...
डावीकडं केली की टिकटिकटिकटिक,
मागं कुत्रं लागल्यागत.

मिस्त्रींनी डोळे मिटून ऐकलं.
'एक डोळा गेलाय त्येचा.
जुना फ्लॅशर असायचा पत्र्याचा, तंबाखूच्या डबीएवढा.
आत दोन धातूंची एक पट्टी.
वीज आली की तापायची, वाकायची, टेकण सोडायची,
अंधार.
गार झाली की पुन्हा टेकायची,
उजेड.
बास. जन्मभर तेवढंच काम.
एक बल्ब उडाला की वीज कमी पडायची,
पट्टी तापायचीच नाही धड,
उरलेला दिवा नुसता लागून राहायचा, मुका.
हा नवा इलेक्ट्रॉनिक. ह्याला कळतं
पलीकडनं कुणीतरी कमी झालंय,
आणि बोंब ठोकतो.'
मग जरा थांबून,
'माझी उजवी बाजू बघ की. तसलीच.'
सर्जेराव हसला.
मग चहाकडं बघत बसला.

मागचा डावा दिवा उघडला.
बल्ब शाबूत. वायर शाबूत.
टेस्ट लॅम्प लावला तर वीजही येत होती,
थांबत थांबत, नेमानं.
'ब्रेक दाब,' मी ओरडले.
ब्रेकच्या दिव्याबरोबर इंडिकेटरही मिणमिणला,
त्याला कुणी बोलावलं नसताना.

'अर्थ भेटंना झालाय त्येला,'
खुर्चीतनं, न बघता.

आमच्यात अर्थ म्हणजे काळी वायर,
चासीला नटानं आवळलेली,
आलेली वीज जिथनं घरी परतते.
ती वाट गंजली
की वीज शेजाऱ्याच्या घरातनं जाते,
जाता जाता त्याचाही दिवा अर्धामुर्धा लावत.
शाळेत बाई फळ्यावर लिहायच्या, 'अर्थ सांगा.'
मला एकही धड आला नाही.
इथं नखानं खरवडला,
वर वाळलेली काकवी, तिच्यात चिकटलेल्या मुंग्या,
मग गंज,
आणि त्याच्याखाली पांढरा पत्रा.
पॉलिश पेपर मारला. नट आवळला.

टिक... टिक... टिक...

'आणि ते तांबड्या त्रिकोणाचं बटण?
परवा आंबा घाटात धुक्यात बंद पडली गाडी,
दाब दाब दाबलं, एक दिवा लागंना.
किल्ली चालू करून बी बघितली.'
'ते किल्लीला विचारत न्हाई,' मी म्हणाले,
ह्या वेळी मीच.
'बॅटरीपासनं त्याची थेट वायर, त्याचा सोताचा फ्यूज.
इंजिन मरू दे, किल्ली घरी राहू दे,
बटण दाबलं की डावं-उजवं एक होतं,
सगळे दिवे एका तालावर.
थांबलोय, एवढंच सांगतं ते.
कुठं वळणार, ते सांगत न्हाई.'
जळका फ्यूज काढून त्याच्या तळहातावर ठेवला.
काळा डाग बघून तो म्हणाला, 'एवढुसा?'
मिस्त्रींनी मान हलवली.
पगार नाही वाढला, पण मान हलली.

दीडशे रुपये देऊन सर्जेराव निघाला.
कोपऱ्यावर जाऊन, सरळ जायचंय म्हणून,
सगळे दिवे एकदम लावले.
'आरं, सरळ जाणाऱ्यानं सांगायचं नसतं!'
मिस्त्री ओरडले.
लेथ सुरू झाला होता.

रात्री त्यांना घरी सोडते तेव्हा
मी त्यांच्या डाव्या अंगाला चालते.
रस्ता ओलांडायचा तर ते उजवा हात वर करतात.
डावीकडचा मी करते.
काही गाड्या थांबतात.