दहा मिलीवॅट

थर्मोकोलचा डबा दिवाळे गावच्या जेटीवरून आणला,
तीनदा धुतला तरी बोंबलांचा वास गेला नाही.
त्यात हातभर वायर, नखाएवढा ट्रान्समीटर
आणि दोन लिथियम सेल. दोनच.
तिसरा फुग्याला जड झाला असता.

हसुराम मढवी म्हणाले, शंभर मिलीवॅटवर ठेव.
बत्तीस वर्षं विजेच्या खांबांवर चढलेला माणूस,
कमी दाब म्हणजे त्यांच्या लेखी तक्रार.
मी वही पुढे सरकवली.
शंभरने ओरडत राहिला तर आज रात्रीच मुका.
दहाने पुटपुटला, दोन मिनिटांतून एकदा,
आणि मधे गाढ झोपला,
तर परवा उजाडेपर्यंत.

"आणि ऐकू येईल?"

काका, पंचवीस किलोमीटर उंचावर
आडवं येणार कोण?
तिथून कुजबुजलं तरी सोलापूरला पोचतं.
पारसिकचा डोंगर आडवा येतो
तो आपल्याला, खाली राहणाऱ्यांना.

ते काही बोलले नाहीत.
सोल्डरचा धूर फुंकरीने बाजूला सारला.

घणसोलीच्या मैदानातून सव्वासहाला सोडला,
परवानगीचा कागद खिशात घामेजलेला.
मग गच्चीवर अँटेना माझ्या हातात,
आकडे ते वाचत होते:
उणे एकोणीस.
उणे अडतीस.
उणे बावन्न.
सेलचा दाब घसरला तसा त्यांचा आवाजही उतरत गेला,
जणू मोठ्याने वाचलं
तर तेवढी वीज वर खर्ची पडेल.

आठ वाजून दहाला फुगा फुटला.
मुरबाडच्या अंगाला कुठेतरी खाली आला,
टेकड्यांमागे गेला,
आणि कानात नुसती खरखर.

दुसऱ्या रात्री टोकावड्याच्या अलीकडे
त्यांनी मला मोटरसायकल बंद करायला लावली.
कापून झालेलं भातशेत, थंडी,
कुणाच्या तरी गोठ्यात घंटा वाजून थांबली.
माझा तर धीर सुटला होता.
ते मात्र हेडफोन एका कानाला दाबून
बांधावर उकिडवे बसलेले.

"आला," म्हणाले.
मग खात्री नसल्यासारखं,
"पुन्हा बोलेल ना?"

बोलेल. दोन मिनिटं थांबा.

हातातली बॅटरी त्यांनी विझवली.
तिचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.
मीही सांगितलं नाही.